जोडटाकी बसवून घेण्याआधी: लांब पल्ल्याच्या मोटरसायकलस्वारांसाठी माहितीपत्रक

जोडटाकीची, म्हणजे मुख्य टाकीला जोडायच्या जादा पेट्रोलच्या टाकीची चौकशी करायला आलेले बहुतेक जण आधी विचारतात, "किती लिटरची बसेल?" आम्ही आधी गाडी बघतो, मग नळी कुठून नेता येईल ते बघतो, आणि लिटरचं बोलणं शेवटी करतो. डबा तर कोणीही चांगला वेल्डर करून देईल. त्यातलं पेट्रोल मुख्य टाकीत न गळता पोचणं आणि रिकाम्या झालेल्या जागेत हवा बिनअडथळा येणं, हे जोडटाकीचं खरं काम आहे. हे पत्रक मुख्यतः त्याबद्दल आहे.

पेट्रोल कसं उतरतं

आम्ही जोडटाकीचं पेट्रोल थेट इंजिनाकडे नेत नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप बहुधा मुख्य टाकीच्या आतच असतो आणि पुढची लाइन साधारण तीन बार दाबाखाली असते. तिथे मधेच जोड मारायचा नसतो. म्हणून मुख्य टाकी पूर्ण रिकामी करून तिला एक जोडतोंड बसवतो आणि जोडटाकी त्यात उतरते. वेगळा पंप लावत नाही, कारण तो बंद करायचा राहिला तर मुख्य टाकी ओसंडून पेट्रोल गरम इंजिनावर येईल.

पेट्रोल उंचीच्या फरकाने उतरतं. दोन्ही टाक्यांतली पातळी सारखी झाली की प्रवाह थांबतो. जोडटाकीचा तळ मुख्य टाकीच्या तळापेक्षा वर असतो, त्यामुळे मुख्य टाकी आणखी खाली गेली की उरलेलं पेट्रोलही येतं. पण तळाचा आकार आणि नळीच्या तोंडाची जागा यामुळे थोडं पेट्रोल मागे राहू शकतं. बसवल्यावर आम्ही टाकी मोजून भरतो, मोजून उतरवतो आणि वापरता येणारे लिटर टाकीवरच लिहून देतो. प्रवासाचा हिशेब त्याच आकड्यावर करा.

आता कॉक, म्हणजे जोडटाकीतून येणाऱ्या नळीवरची तोटी. हा भाग कृपया दोनदा वाचा. जोडटाकीतली पातळी मुख्य टाकीच्या झाकणाहून उंच असते. मुख्य टाकी भरलेली असताना कॉक उघडलात, तर पेट्रोल त्या झाकणाच्या हवेच्या वाटेने बाहेर येईल. म्हणून जोडटाकीत जितके लिटर आहेत, तितकी जागा मुख्य टाकीत झाल्यावरच कॉक उघडायचा. नऊ लिटरची जोडटाकी आणि २५ चं ॲव्हरेज असेल, तर ट्रिप मीटरवर २२५ किलोमीटर झाल्यावर. मात्र मुख्य टाकी रिझर्व्हला येईपर्यंतही थांबू नका. नळीत कचरा अडकला असेल किंवा व्हेंट (टाकीत हवा येण्याची वाट) दबला असेल, तर ते कळेल तेव्हा पुढच्या पंपापर्यंत जाण्याइतकं पेट्रोल मुख्य टाकीत हवं. कॉक उघडल्यावर थोड्या वेळाने मुख्य टाकीचा काटा थांबलेला किंवा चढलेला दिसला पाहिजे. तो नेहमीसारखा उतरतच राहिला, तर थांबा आणि आधी व्हेंट बघा. गाडी उभी करताना कॉक बंद, मग थांबा पाच मिनिटांचा असो की रात्रभराचा.

व्हेंट आणि नळी

व्हेंट नसलेली टाकी काही लिटर देते आणि मग आतल्या निर्वात पोकळीमुळे अडून बसते. नुसतं भोक पाडलेली टाकी गाडी आडवी झाली की सांडते. आम्ही व्हेंटला उलटल्यावर आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह लावतो आणि त्याची नळी सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने खाली सोडतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे थंडीच्या प्रदेशातही ही काळजी तेवढीच घ्यायची.

नळी पेट्रोलसाठीच बनवलेली हवी. पारदर्शक प्लास्टिकची नळी दिसायला सोयीची, पण ती काही महिन्यांत कडक होऊन तडकते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये काही जातींचं रबर फुगतं, म्हणून सील आम्ही व्हिटॉन या पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचे वापरतो. टाकी काढता यावी यासाठी मधे झटपट सुटणारं कपलिंग असतं. ते दोन्ही बाजूंनी आपोआप बंद होणारंच घ्या. एकाच बाजूने बंद होणारं स्वस्त पडतं, पण दुसऱ्या तोंडातून पेट्रोल हातावर येतं. ते आम्ही बसवत नाही, आग्रह केलात तरीही.

जागा आणि वजन

एक लिटर पेट्रोल म्हणजे साधारण पाऊण किलो. नऊ लिटरचे पावणेसात किलो, वर टाकीचं आणि पट्ट्यांचं वजन. मागच्या चाकाच्या आसाच्या मागे हे वजन लटकवलं तर पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल थरथरू लागतं. म्हणून टाकी मागच्या सीटच्या जागी, आसाच्या पुढे बसते. अर्थात तेव्हा मागे कोणी बसणार नाही. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या एकूण भारातून हे वजन वजा करून मगच सामान ठरवा.

मोठी टाकी मागू नका, पुरेशी मागा. चोवीस तासांत १,००० मैल, म्हणजे सुमारे १,६०९ किलोमीटर जाण्याचा सॅडलसोर हा प्रकार अनेकांनी मूळ टाकीवर पूर्ण केला आहे. तुमच्या वाटेवर दोन पंपांमधलं सर्वांत लांब अंतर किती, ते आधी काढा. ॲव्हरेज सामान लादलेल्या गाडीचं धरा आणि दोन लिटर हिशेबाबाहेर ठेवा. १७ लिटरच्या टाकीला २५ च्या ॲव्हरेजने कागदावर ४२५ किलोमीटर दिसतात, पण धरायचे ३७५. त्याहून मोठं अंतर वाटेत नसेल, तर तुम्हाला जोडटाकीची गरज नाही, आणि आम्ही तसं स्पष्ट सांगू.

भरताना आणि काढताना

काठोकाठ भरू नका. दहा अंश तापमान वाढलं की पेट्रोल सुमारे एक टक्का फुगतं. पहाटे गारव्यात भरलेली नऊ लिटरची टाकी दुपारच्या उन्हात तीस अंशांनी तापली, तर २७० मिलिलिटर, म्हणजे पेलाभर पेट्रोल वाट शोधू लागतं. गळ्याच्या आत खूण आहे, तिथे थांबा.

टाकी रबरी वॉशरांवर बसते, त्यामुळे गाडीच्या चासीशी तिचा विजेचा संबंध तुटतो. तो जोडायला आम्ही एक वेणीची तार लावतो. टाकी काढून परत बसवताना ही तार विसरली जाते; तसं होऊ देऊ नका, स्थिर विजेची ठिणगी तिथेच पडते. भरताना पंपाचं तोंड टाकीच्या गळ्याला टेकलेलं ठेवा आणि गाडीवर बसून भरू नका.

प्रवास संपल्यावर टाकी रिकामी करून काढा, कपलिंगच्या तोंडांना टोप्या लावा आणि टाकी घरात न ठेवता हवेशीर, सावलीच्या जागी, ज्योतीपासून लांब ठेवा. रिकाम्या टाकीत वाफ उरते आणि ती भरलेल्या टाकीइतकीच, कित्येकदा जास्त धोक्याची असते. चीर पडली तर कुठल्याही वेल्डरकडे परस्पर नेऊ नका, आमच्याकडे आणा.

गाडीत बदल करण्याचे नियम आणि विम्याच्या अटी आपापल्या ठिकाणी तपासून, लेखी उत्तर घेऊन या. बसवल्यावर पहिल्यांदा दोनच लिटर घालून जवळपास फेरी मारा, प्रत्येक जोडाखाली कोरडा पांढरा कपडा फिरवा, आणि शंभर किलोमीटरनंतर टाकीचे चारही बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला गाडी आमच्याकडे आणा.