"नाही ना?" विचारलं की उत्तर "नाही"च येतं

मागच्या महिन्यात आईला घेऊन कर्वेनगरमधल्या एका डॉक्टरांकडे गेले होते. गुडघा दाखवून झाला, औषधं लिहून झाली आणि डॉक्टर म्हणाले, "बाकी काही त्रास नाही ना?" आई लगेच, "नाही नाही." आणि रिक्षात बसल्यावर म्हणते, अगं रात्री हाताला मुंग्या येतात ते सांगायचं राहिलंच!

मला नाही वाटत ती विसरली. "नाही ना?" या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं, आपण फक्त मान हलवायची. "हो, आहे" म्हणायचं म्हणजे डॉक्टरांचं बोलणं खोडायचं, त्यात बाहेर दहा पेशंट ताटकळलेले, मग आईसारखी माणसं गप्पच बसतात.

समाजशास्त्रज्ञ जॉन हेरिटेज आणि सहकाऱ्यांनी २००७ साली अमेरिकेत नेमकं हेच तपासलं. पेशंट आत जायच्या आधीच काय काय दाखवायचंय ते त्यांच्याकडून लिहून घेतलं. मग पहिली तक्रार ऐकून झाल्यावर काही डॉक्टरांनी 'समथिंग एल्स' असं विचारलं, काहींनी 'एनिथिंग एल्स'. फरक एका शब्दाचा, पण इंग्रजीत पहिला शब्द "हो"कडे झुकतो आणि दुसरा "नाही"कडे. एकापेक्षा जास्त तक्रारी असलेल्यांपैकी पहिल्या प्रश्नाला ९० टक्के लोकांनी होकार दिला, दुसऱ्याला ५३ टक्क्यांनी. आणि यामुळे तपासणीचा वेळही फारसा वाढला नाही, मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण वेळ कुठे आहे हेच कारण आपण नेहमी ऐकतो.

प्रश्नाने आठवणसुद्धा बदलते. १९७४ साली मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना अपघाताच्या फिल्म दाखवून गाड्यांचा वेग विचारला. "आदळल्या" अशा अर्थाचा शब्द वापरला तर अंदाज सरासरी ताशी ६५ किलोमीटर, "एकमेकींना लागल्या" म्हटलं तर ५१. कोर्टात वकिलाला आपल्याच साक्षीदाराला सूचक प्रश्न, म्हणजे उत्तर आधीच सुचवणारे प्रश्न, विचारायला बंधन असतं ते उगीच नाही.

आता डॉक्टरांकडे जायच्या आदल्या रात्री मीच आईला विचारते, "आणखी काय काय होतंय?" आणि मग गप्प बसते. परवा तिने बराच वेळ विचार केला, मुंग्यांचं सांगितलं, झोपेचं सांगितलं, आणि मग हळूच म्हणाली की चक्कर येते म्हणून बीपीची गोळी ती आठ दिवस अर्धीच घेतेय.