नवजात शुश्रूषेतील तज्ज्ञ परिचारिका : पात्रता, नोंदणी आणि कागदपत्रे

अपुऱ्या दिवसांच्या बाळांची शुश्रूषा हेच आयुष्याचे काम करू पाहणाऱ्या गोव्यातील विद्यार्थ्यांनी आरंभीच ध्यानात घ्यावे, की ‘निओनेटल नर्स प्रॅक्टिशनर’ (नवजात बाळांची तपासणी व उपचार करू शकणारी उच्चशिक्षित परिचारिका) हा अमेरिकेसारख्या देशांत परवान्यासह मिळणारा दर्जा असून भारतात त्या नावाचा स्वतंत्र परवाना नाही. येथे आधी नोंदणीकृत परिचारिका व्हावे लागते आणि मग या शाखेत विशेष शिक्षण घेता येते.

चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगसाठी भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार प्रवेशवर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत वयाची 17 वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय घेऊन खुल्या प्रवर्गात किमान 45 टक्के गुण मिळालेले असावेत. बांबोळीची सरकारी इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन गोवा विद्यापीठाशी संलग्न आहे.

अर्जासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जन्मदाखला, मामलेदारांकडील रहिवासाचा दाखला आणि लागू असल्यास जातीचा दाखला तयार ठेवावा. यात खरी अडचण नावाची असते. जन्मदाखल्यावर ‘नायक’ आणि गुणपत्रिकेवर ‘नाईक’, किंवा एकीकडे वडिलांचे नाव आहे आणि दुसरीकडे नाही, असा फरक दिसला तर तो प्रवेशापूर्वीच दुरुस्त करून घ्यावा. कारण पुढे पदवी, नोंदणी आणि पारपत्र यांवर तेच नाव जाते.

पदवीनंतर गोवा नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी. एक वर्षाचा अनुभव घेतल्यावर नवजात शुश्रूषेचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करता येतो, तर बालआरोग्य विषयातील एम.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांचे असते. तो अनुभव शक्यतो एनआयसीयूतच (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातच) घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. 900 ग्रॅमच्या बाळाला औषध वजनानुसार मोजून द्यावे लागते आणि दशांश चिन्ह एक घर सरकले तर मात्रा दहापट होते. ही दक्षता वर्गात बसून अंगी बाणत नाही.

अमेरिकेत जायचे असल्यास एनसीएलएक्स-आरएन ही परिचारिकांची परवाना परीक्षा, एनआयसीयूतील अनुभव, पदव्युत्तर किंवा डॉक्टरेट स्तराचा नवजात शुश्रूषेचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा हे टप्पे येतात. तेथील पडताळणीसाठी शैक्षणिक प्रतिलेख (ट्रान्स्क्रिप्ट) संस्थेकडून आणि नोंदणीची खातरजमा कौन्सिलकडून थेट पाठवावी लागते, म्हणून संस्था सोडतानाच प्रतिलेखासाठी अर्ज करून ठेवावा आणि नोंदणीचे नूतनीकरण चुकवू नये.