वाहनात आणि भटकंतीत वापरण्यासाठी परवडणारा वॉकीटॉकी निवडताना

आमच्या नाशिकच्या दुकानात वॉकीटॉकी पाहायला येणाऱ्या ग्राहकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, "हा सेट किती किलोमीटर चालतो?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचे एका आकड्यात दिलेले उत्तर खरे नसते, मग ते आम्ही दिलेले असो वा खोक्यावर छापलेले. संच कुठे धरला आहे आणि दोन संचांच्या मध्ये काय आहे, यावर अंतर ठरते. किंमत त्यानंतर येते. गाड्यांचा ताफा घेऊन घाटातून जाणारे, गडांवर गट नेणारे आणि द्राक्षबागेत या टोकाचे त्या टोकाशी बोलणे चालू ठेवू इच्छिणारे, असे ग्राहक आमच्याकडे प्रामुख्याने येतात. मोजक्या पैशांत त्यांनी काय पाहून घ्यावे, हे सांगण्यासाठी हे पत्रक काढले आहे.

आधी परवान्याविषयी

भारतात कोणताही बिनतारी संच विकत घेऊन वाटेल त्या फ्रिक्वेन्सीवर वापरता येत नाही. सामान्य ग्राहकाच्या उपयोगाचा, परवान्याशिवाय वापरता येणारा फ्रिक्वेन्सींचा पट्टा 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ हा असून तो 2018 च्या नियमांनी मोकळा झाला. या पट्ट्यातले संच साधारण अर्ध्या वॉटचे असतात. 27 मेगाहर्ट्झजवळचा सिटिझन बँडही 2005 पासून परवानामुक्त आहे. परंतु त्या लहरींची लांबी सुमारे 11 मीटर असल्याने हातात धरायच्या संचाची आखूड अँटेना तेथे फारशी प्रभावी ठरत नाही, म्हणून आम्ही तो सुचवत नाही.

पट्टा परवानामुक्त असला तरी त्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची मान्यता असावी लागते. बाजारात हिला 'ईटीए' म्हणतात. खरेदीच्या वेळी या प्रमाणपत्राची प्रत मागून त्यावरील मॉडेल आणि संचाच्या पाठीवरील मॉडेल एकच आहे ना, हे ताडून पाहावे. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या संचांची फ्रिक्वेन्सी आणि मान्यता ग्राहकाला कळावी, यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2025 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, तेव्हा ही माहिती मागणे हा आपला हक्कच आहे.

"5 वॉट, 136 ते 174 आणि 400 ते 520 मेगाहर्ट्झ" असे वर्णन असलेला स्वस्त आयात संच अनेकांना भुरळ घालतो. असा संच पोलीस, अग्निशमन किंवा अन्य सेवांच्या फ्रिक्वेन्सींवरही बोलू शकतो, आणि नेमके म्हणूनच तो परवान्याशिवाय बाळगणे हा गुन्हा ठरू शकतो. ज्यांना या विषयाची खरी आवड आहे त्यांनी हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संपर्काच्या परवान्याची, परीक्षा द्यावी. वयाची 12 वर्षे पूर्ण झालेल्यांनाही ती देता येते आणि परवाना मिळाल्यावर 144 ते 146 मेगाहर्ट्झसारखे पट्टे खुले होतात. तो परवाना हौसेसाठी असतो, धंद्यासाठी नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

किलोमीटरचे गणित

446 मेगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात. चेहऱ्याच्या उंचीवर संच धरलेली दोन माणसे अगदी सपाट माळावर उभी केली, तरी पृथ्वीच्या गोलाईमुळे सुमारे 10 किलोमीटरपलीकडे त्यांच्यात आडोसा येतो, आणि प्रत्यक्षात जमिनीवरून परावर्तित होणाऱ्या लहरी, झाडे आणि घरे यांमुळे बोलणे त्याच्या बरेच आधी तुटते. उलट एक माणूस अंजनेरीच्या पठाराच्या कडेला आणि दुसरा खाली उघड्या रस्त्यावर असेल, तर हाच अर्ध्या वॉटचा संच खोक्यावरील आकड्याच्या जवळ जाऊन दाखवतो. खोक्यावर जो आकडा छापतात तो बहुधा अशाच जागेचा असतो. घेणाऱ्याने तो वाचून सोडून द्यावा.

जास्त वॉटने अंतर त्याच प्रमाणात वाढत नाही. पूर्ण मोकळ्या अवकाशातही अंतर दुप्पट करायला शक्ती चौपट लागते, आणि मध्ये डोंगराची सोंड असेल तर शक्ती कितीही वाढवून फार लाभ होत नाही. त्या वेळी वीस पावले वर चढून उभे राहणे अधिक कामाचे ठरते. नाशिक शहरात सिमेंटच्या इमारतींमधून काहीशे मीटर आणि मोकळ्या शिवारात एक-दोन किलोमीटर, एवढी अपेक्षा ठेवूनच संच घ्यावा, असे आम्ही सांगतो. द्राक्षाच्या मंडपाखाली तारांचे जाळे आणि ओली पाने यांमुळे आवाज बांधावरच्यापेक्षा लवकर विरतो, हे बागायतदारांनी विशेष लक्षात घ्यावे.

गाडीत वापरताना

गाडीचा पत्रा लहरींना अडवतो, त्यामुळे त्या मुख्यतः काचांमधून बाहेर पडतात. दुकानासमोर उभ्या केलेल्या गाडीत आम्ही हे ग्राहकांना दाखवतो: संच दोन आसनांच्या मध्ये, गिअरजवळ ठेवला असता समोरून चालत जाणाऱ्याचा आवाज फार लवकर खरखरू लागतो, तोच संच खिडकीच्या काचेजवळ, अँटेना उभी ठेवून धरला की आवाज पुन्हा स्वच्छ होतो. आडव्या आणि उभ्या अँटेनेतही फरक पडतो, म्हणून दोन्ही बाजूंनी संच उभाच धरावा. अँटेना बदलण्याचा किंवा टपावर वेगळी लावण्याचा मोह टाळावा, कारण मान्यता संच जसा तपासला गेला तशाच संचाला असते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये, 2019 च्या दुरुस्तीनंतर, वाहन चालवताना हातात धरायचे संपर्क साधन वापरणे धोकादायक वाहनचालनात मोडते. त्यामुळे संच नेहमी शेजारच्या व्यक्तीकडे असावा. आवाजाने आपोआप सुरू होणारी व्हॉक्स सोय यावर उपाय वाटते, परंतु कसारा घाटात खाली काच करून चाललेल्या गाडीत वाऱ्याच्या आवाजानेही संच बोलू लागतो आणि बाकीच्या गाड्यांचे चॅनेल अडवून ठेवतो. ही सोय आहे म्हणून जास्त पैसे मोजू नयेत.

पैसे कुठे घालावेत

सर्वप्रथम बॅटरीकडे पाहावे. संचावर लिहिलेले तास बहुधा 5 टक्के बोलणे, 5 टक्के ऐकणे आणि 90 टक्के नुसते चालू ठेवणे या हिशेबाचे असतात, आणि ज्या सहलीत सतत गप्पा चालतात तेथे ते तास झपाट्याने कमी होतात. त्यामुळे बॅटरी काढून दुसरी घालता येते का आणि तीच बॅटरी सुटी मिळते का, हे विचारावे. टाइप-सी चार्जिंग असेल तर गाडीतल्या मोबाइल चार्जरवर काम भागते. उन्हाळ्यात संच डॅशबोर्डवर काचेखाली ठेवू नये, लिथियम बॅटरी त्याने लवकर निकामी होते.

दुसरी बाब पाण्याची. आयपी54 म्हणजे धुळीपासून संरक्षण आणि पाण्याचे शिंतोडे सहन होणे. आयपी67 म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास तग धरणे. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात जाणाऱ्यांनी दुसरा प्रकार घ्यावा. बाकीच्यांना पहिला पुरतो आणि उरलेल्या पैशांत सुटी बॅटरी येते.

टोनचा गैरसमज मात्र दूर करायलाच हवा. टोन म्हणजे बोलण्यासोबत पाठवला जाणारा ठरावीक सूर. खोक्यावर त्यालाच 'प्रायव्हसी कोड' म्हटलेले असते, पण त्यामुळे आपले बोलणे खासगी होत नाही. तो टोन फक्त इतरांचे बोलणे आपल्याला ऐकू येऊ देत नाही, आपले बोलणे त्या चॅनेलवरील कोणालाही ऐकू येते. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांत टोनचा क्रमांक सारखा असेलच असे नाही, म्हणून जोडणी करताना क्रमांक न जुळवता 67.0 किंवा 88.5 असा हर्ट्झचा आकडा जुळवावा.

हल्ली सिमकार्डावर चालणारे वॉकीटॉकीही मिळतात. त्यांना अंतराचे बंधन नसते, पण मोबाइल नेटवर्क लागते आणि रिचार्ज करावा लागतो. शहरात माल पोहोचवणाऱ्या गाड्यांसाठी ते उत्तम, हरिहर गडाच्या पायथ्याशी नेटवर्क गेले की मात्र निरुपयोगी. साधा वॉकीटॉकी तेथे चालतो, पण त्यावरून 112 लावता येत नाही, म्हणून मोबाइल घरी ठेवून निघू नये.

बोलण्याची सवय

बटण दाबल्यावर लगेच बोलले तर पहिला शब्द कापला जातो, आणि वाक्य संपण्याआधी बटण सोडले तर शेवटचा. मराठीत नकार शेवटी येतो, ही या बाबतीत मोठीच अडचण आहे. मागच्या गाडीला "थांबू नका" सांगताना बटण लवकर सुटले, तर तेथे केवळ "थांबू" पोहोचते आणि गाडी वळणावर उभी राहते. म्हणून बटण दाबून एक क्षण थांबावे, बोलून झाल्यावर पुन्हा एक क्षण दाबूनच ठेवावे, आणि महत्त्वाची सूचना "चालत राहा" अशी होकारार्थी शब्दांत द्यावी.

संच घेण्यापूर्वी आपले वाहन घेऊन दुकानात यावे. एक संच गाडीत ठेवून दुसरा घेऊन आमचा माणूस रस्त्याने चालत जाईल. आवाज कुठे तुटतो ते स्वतः ऐकून मगच पैसे द्यावेत. बिलावर संचाचे मॉडेल, अनुक्रमांक आणि ईटीए क्रमांक लिहून घेण्यास विसरू नये.