‘एफडीए’ची मोहोर आणि शेअरची किंमत

शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना कमी करणाऱ्या उपकरणाला अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) परवानगी दिली, की ते गुणकारी सिद्ध झाले आणि कंपनीचा शेअर निर्धास्त घ्यावा, हा समज चुकीचा आहे.

अशी बहुतेक उपकरणे ‘५१०(के)’ मार्गाने येतात. त्यात बाजारातील जुन्या उपकरणाशी पुरेसे साम्य दाखवावे लागते आणि रुग्णांवरील नव्या चाचण्या बहुधा मागितल्या जात नाहीत. आय-फ्लो कंपनीचा ‘ऑन-क्यू’ पंप याच मार्गाने आला. लवचीक फुगा हळूहळू आकसतो आणि बारीक नळीतून बधिरतेचे औषध जखमेपाशी झिरपत राहते. बॅटरी लागत नाही. कल्पना खरोखरच सुरेख आहे. तरीही असे पंप सांध्यात लावल्यावर, विशेषतः खांद्यात, कूर्चा (सांध्यातील हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) झिजल्याच्या तक्रारी आल्या, अनेक कंपन्यांवर दावे झाले आणि नोव्हेंबर २००९ मध्ये एफडीएनेच इशारा दिला. त्याच सुमारास किंबर्ली-क्लार्क या मोठ्या अमेरिकी कंपनीने आय-फ्लो सुमारे ३२.४ कोटी डॉलरना विकत घेतली.

म्हणून परवान्याइतकेच, किंबहुना अधिक, पाहावे ते उपकरणाचे पैसे कोण देतो हे. २०२५ पासून मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतील मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना, बाह्यरुग्ण शस्त्रक्रियांमध्ये ठरावीक ओपिऑइडविरहित (अफूच्या गटातील वेदनाशामके न वापरणाऱ्या) साधनांचे वेगळे पैसे देते. ही तरतूद २०२७ अखेरपर्यंतच आहे.