भरलेली गणना शून्यावर येते तेव्हा

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्यातली एकच वस्तू, मग ती उघडी फाइल असो, सॉकेट (नेटवर्क जोडणीचं टोक) असो की किरिंग (गुप्त किल्ल्यांचा जुडगा), एकाच वेळी अनेकांच्या हातात असते. तिची मेमरी कधी मोकळी करायची? प्रत्येक वस्तूसोबत एक आकडा ठेवायचा. कोणी घेतली की तो एकाने वाढतो, सोडली की घटतो, शून्य झाला की मेमरी परत. जॉर्ज कॉलिन्स यांनी ही 'रेफरन्स काउंटिंग' पद्धत १९६० मध्ये लिंक्ड लिस्टसाठी (एकमेकींना जोडलेल्या नोंदींच्या यादीसाठी) मांडली होती.

लिनक्समध्ये हा आकडा वर्षानुवर्षे साध्या ॲटॉमिक पूर्णांकात राहिला. दोन सीपीयूंनी एकदम हात घातला तरी बेरीज चुकणार नाही, एवढीच त्याची हमी. ३२ बिटांचा आकडा ४,२९,४९,६७,२९६ वेळा वाढवला की फिरून मूळ जागी येतो. इतक्या वेळा कोण वाढवणार, असं वाटायचं.

जानेवारी २०१६ मध्ये उत्तर मिळालं. प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) स्वतःचीच सेशन किरिंग पुन्हा मागितली, तर कोडच्या एका वाटेवर आकडा वाढायचा पण घटवायचा राहून जायचा. ही चूक लिनक्सच्या ३.८ आवृत्तीपासून होती. तीच विनंती अब्जावधी वेळा केली की आकडा शून्यावर. चूक शोधणाऱ्या संशोधकांच्या साध्या प्रोसेसरवर याला सुमारे अर्धा तास लागला. मग कर्नल मेमरी मोकळी करतो, पण प्रोसेसकडचा पॉइंटर (त्या जागेचा पत्ता) तसाच राहतो. त्या जागी हल्लेखोर स्वतःचा डेटा बसवतो आणि रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, होतो.

यावरचा उपाय पॅक्स या लिनक्स सुरक्षेच्या स्वतंत्र प्रकल्पाकडे आधीपासूनच होता: आकडा भरला की तिथेच गोठवायचा. वस्तू कायमची अडकून पडेल, थोडी मेमरी वाया जाईल, पण जिवंत वस्तू कोणाच्या पायाखालून निघणार नाही. माझ्या मते हा सौदा निर्विवाद फायद्याचा आहे. अडचण वेगळी होती. पॅक्स सगळ्याच ॲटॉमिक आकड्यांना हे संरक्षण लावायचं, त्यामुळे निव्वळ आकडेवारी मोजणारे काउंटर शोधून वगळावे लागत. मुख्य कर्नलने उलटी वाट धरली. २०१७ मध्ये ४.११ आवृत्तीत पीटर झिल्स्ट्रा यांचा 'रेफकाउंट_टी' हा वेगळा प्रकार आला. तो शून्यावरून पुन्हा वर चढण्यालाही नकार देतो. एलेना रेशेटोवा आणि सहकाऱ्यांनी जुना कोड एकेक करून त्याकडे वळवला. हे काम फार किचकट, कारण प्रत्येक आकडा खरोखर वस्तूचं आयुष्य मोजतो की नाही, हे कोड वाचूनच कळतं. नेटवर्किंगवाल्यांना वेगाची काळजी होती. विल डीकन यांच्या सुधारणांनंतर ५.५ पासून ही तपासणी सगळीकडे कायम झाली.

मेमरीच्या पानांची (कर्नल ज्या ठरावीक तुकड्यांत मेमरी वाटतो त्यांची) गणना मात्र अजून साध्या ॲटॉमिकमध्येच आहे. तीही तेव्हा भरू शकत होती, हे २०१९ मध्ये यान हॉर्न यांनी दाखवलं. त्यासाठी सुमारे १४० जीबी रॅम लागत होती, आणि सर्व्हरवर एवढी रॅम असते.