कोयत्याचं ‘पाणी’ नेमकं कुठे चुकतं?

कराड-वाळव्याच्या पट्ट्यात ऊसतोडीच्या तोंडावर लोहाराकडे कोयते येतात, आणि तक्रारी ठरलेल्या: धार वळते, नाहीतर धारेचा तुकडा उडतो. दोन्ही वेळा बहुधा पाणी, म्हणजे पातं तापवून झटकन थंड करून कडक करण्याचं काम, चुकलेलं असतं.

कोयत्यासाठी ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पोलादी पाटा चांगला. त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के, म्हणजे किलोमागे पाच-सहा ग्रॅम. धारेचा सगळा खेळ या चिमूटभर कार्बनचा.

धातूत अणूंचे बाहेरचे इलेक्ट्रॉन कुणा एकाचे राहत नाहीत, सगळ्यांत सामायिक फिरतात. त्यामुळे अणूंचे थर एकमेकांवरून सरकले तरी बंध टिकतो. म्हणून तर लाल पाटा घणाखाली पसरतो, मिठाच्या खड्यासारखा फुटत नाही. पण धारेला हेच सरकणं नडतं.

तापल्यावर लोखंडाच्या अणूंची रचनाच बदलते. शुद्ध लोखंडात ९१२ अंश सेल्सिअसला, पाट्याच्या पोलादात त्याआधीच, आठशेच्या आसपास. नव्या रचनेतल्या पोकळ्या मोठ्या, कार्बन त्यांत सहज मावतो. ओळखायचं कसं? पात्याला चुंबक चिकटेनासा झाला की आणखी थोडंसं तापवायचं, बस्स. पिवळंधमक होईपर्यंत भाता मारला तर कण मोठे होतात आणि पातं ठिसूळ निघतं.

आता झटकन थंड केलं की लोखंड जुन्या रचनेकडे परतू पाहतं, पण कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो अडकतो, रचना ताणली जाते, थर सरकेनासे होतात. पाट्यात क्रोमियम, मॅंगनीज, सिलिकॉन यांपैकी काही ना काही असतंच, त्यामुळे तो तेलातही कडक होतो. थंड पाण्यात बुडवला तर बऱ्याचदा ‘टिंग’ असा बारीक आवाज येतो आणि केसासारखी चीर पडते. म्हणजे नाव पाण्याचं, काम तेलाचं! तेल ५०-६० अंशांपर्यंत कोमट केलेलं बरं. थंड तेल घट्ट असतं, उष्णता हळू ओढतं.

आता पातं इतकं कडक की कानस त्यावरून नुसती घसरते. असा कोयता वापरला तर दगडावर धार उडणारच. पातं घासून लखलखीत करायचं आणि पाठीकडून हळूहळू तापवायचं. रंग सरकत येतात: गवती पिवळा २३० अंशांजवळ, काकवीसारखा तपकिरी २५५ला, जांभळा २८०ला, मग निळा. धार जांभळट झाली की थांबायचं, पाठ निळी गेली तरी चालते. या तापात कार्बन थोडा सुटतो, ताण उतरतो.

एवढं जमवलेलं ग्राइंडरवर मिनिटात बिघडतं. धार काढताना कड निळी पडली की ती मऊ झाली. वरचा निळेपणा घासून जातो, मऊपणा नाही. तेवढी कड खाऊन धार नव्यानं काढावी लागते.