ब्राँकिओलायटिस ऑब्लिटरन्स, संसर्गोत्तर

फुप्फुसातील सूक्ष्म श्वासनलिकांचा दीर्घकालीन शोथ (दाहयुक्त सूज) व त्यातून येणारा त्यांचा कायमचा संकोच. विषाणूंच्या तीव्र संसर्गानंतर, मुख्यतः पहिल्या दोन-तीन वर्षांच्या बालकांत तो आढळतो. अवयव-प्रतिरोपणानंतर किंवा विषारी वायूंमुळे होणारे प्रकार या नोंदीत घेतलेले नाहीत.

नावाचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. बुजलेल्या श्वासनलिकांचे वर्णन फ्रान्समध्ये रेनो यांनी १८३५ मध्येच केले होते. नाव मात्र सामान्यतः जर्मन वैद्य लांगे यांच्या १९०१ मधील, दोन रुग्णांवरील लेखाशी जोडतात. ते रुग्ण आजच्या अर्थाने याच रोगाचे होते का, याबद्दल मतभेद आहेत. त्यांच्या नलिकांच्या पोकळीत नव्या ऊतकाचे गोळे वाढलेले होते. एपलर व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ज्याला ‘बूप’ (‘ब्राँकिओलायटिस ऑब्लिटरन्स ऑर्गनायझिंग न्यूमोनिया’चे लघुरूप) म्हटले, त्या विकाराशी हे वर्णन अधिक जुळते, हे मत जास्त ग्राह्य वाटते. या भेदाला उपचारांच्या दृष्टीने फार मोल आहे : ‘बूप’ स्टेरॉइडांनी बहुधा ओसरतो, प्रस्तुत रोगातील व्रण मात्र राहतो. लाड्यू यांना १९४१ मध्ये ४२,०३८ शवविच्छेदनांत एकच रुग्ण आढळला होता. रोगाच्या विरळपणाचा दाखला म्हणून हा आकडा वारंवार दिला जातो; पण त्यावरून जिवंत बालकांतील प्रमाण ठरवणे धोक्याचे आहे. स्वायर व जेम्स यांनी १९५३ मध्ये सहा वर्षांच्या एका मुलात, तर मॅक्लिऑड यांनी १९५४ मध्ये नऊ रुग्णांत वर्णिलेले, क्ष-किरण चित्रात एकच फुप्फुस अधिक काळे दिसण्याचे लक्षणही बालपणीच्या याच रोगाचा उत्तरपरिणाम मानले जाते.

सुमारे २ मिमी.हून कमी व्यासाच्या सूक्ष्म श्वासनलिकांना कूर्चेचा आधार नसतो. विषाणूने आतले अस्तर नष्ट झाले की तेथे न्यूट्रोफिल व टी-लसीका कोशिका (दोन्ही पांढऱ्या रक्तपेशींचे प्रकार) जमतात. भरून येताना अस्तराखाली तंतुमय ऊतक चहूबाजूंनी कड्यासारखे आवळत जाते. हवा आत शिरते, पण पुरती बाहेर पडत नाही.

प्रमुख कारण ॲडेनोव्हायरस, विशेषतः ३, ७ व २१ हे प्रकार. गोवर व इन्फ्ल्यूएंझानंतरही रोग होतो. अर्जेंटिना, चिली, ब्राझील व दक्षिण कोरियातून रुग्णांच्या नोंदी अधिक आहेत. ब्वेनोस आइरेस येथील २००६ च्या अभ्यासात ॲडेनोव्हायरसचा संसर्ग व कृत्रिम श्वसनयंत्राची गरज हे दोन प्रबळ धोके ठरले. यंत्रानेच इजा होते असे काही मानतात. ते आजाराच्या तीव्रतेची खूण समजणे अधिक सयुक्तिक दिसते. कोलकाता व परिसरात २०२३ च्या आरंभी बालकांमध्ये ॲडेनोव्हायरसची मोठी साथ आली होती. अशा साथीनंतर बऱ्या झालेल्या मुलांची महिनोन्‌महिने पुनर्तपासणी व्हायला हवी.

ताप उतरतो, बाळ घरी येते, पण छातीतली घरघर थांबत नाही. झोपेतही पोट उडत राहते. दूध ओढताना बाळ मध्येच थांबून धापा टाकते. सहा आठवडे उलटूनही हे चालू राहिले, तर या रोगाची शंका घ्यावी. अशा मुलाला पुष्कळदा ‘बाळदमा’ म्हणून पंपावर ठेवले जाते आणि मोलाचा काळ हातचा जातो. दम्यात श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधाने अडथळा बराचसा सुटतो, येथे तो फारसा हटत नाही. सीटी चित्रात काळ्या-करड्या ठिगळांची नक्षी दिसते. उच्छ्‌वासाच्या वेळी काळी ठिगळे अधिक उठून दिसतात, कारण तेथे हवा कोंडलेली असते. विकृती विखुरलेली असल्याने फुप्फुसाचा तुकडा काढूनही ती निसटू शकते. म्हणून पूर्वेतिहास, विषाणूचा पुरावा व सीटी यांवरून निदान करतात.

खात्रीचा उपचार नाही. स्टेरॉइड व ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक वापरतात. गरजेनुसार घरी प्राणवायू, पुरेसे पोषण आणि धुरापासून बचाव आवश्यक असतो. वयाबरोबर पुष्कळ मुलांची प्राणवायूची गरज संपते, पण हवा बाहेर टाकण्यातील अडथळा सहसा कायम राहतो. गोवराची लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात १९८५ पासून आहे. ॲडेनोव्हायरसची ४ व ७ या प्रकारांवरील तोंडाने घ्यायची लस मात्र अमेरिकेत केवळ सैनिकांना दिली जाते. बालकांसाठी ती उपलब्ध नाही.